पोक्सोच्या कोर्टात मुलासोबत बसायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमची भाची न्यू जर्सीत ‘कासा’ची स्वयंसेवक आहे. कोर्ट तिला एका मुलाची केस देतं, ती त्या मुलाला भेटते, त्याच्या शाळेत जाते, न्यायाधीशांना अहवाल देते. तुम्ही एकतीस वर्षं मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालात, वकिलीशी संबंध नाही. असं काम आपल्याकडे करता येतं का, आणि त्यात रोज करायचं काय असतं?

करता येतं. पण भाचीचं काम आणि इथलं काम एक नाही, त्यामुळे तो फरक आधी सांगते. ‘कासा’ची कल्पना सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांची, 1977 सालची. आई-वडिलांपासून काढून घेतलेल्या मुलांचे निकाल अपुऱ्या माहितीवर द्यावे लागतात, हे त्यांना खटकत होतं. म्हणून त्यांनी साध्या नागरिकांना सुमारे तीस तासांचं प्रशिक्षण द्यायचं आणि एकेका मुलाची बाजू समजून घ्यायला पाठवायचं ठरवलं. तिथला स्वयंसेवक ‘या मुलाच्या हिताचं काय’ ते थेट न्यायाधीशांना सांगतो. आपल्याकडे फौजदारी खटल्यात तसं कुणी सांगत नाही. इथे जवळात जवळचं काम म्हणजे पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यातली ‘सहाय्यक व्यक्ती’. कोर्टात, पोलीस ठाण्यात, बाल कल्याण समितीत सगळे ‘सपोर्ट पर्सन’च म्हणतात, मीही तेच म्हणते. मी हे काम एका संस्थेतर्फे बारा वर्षं करते आहे. खाली मुलांचे जे प्रसंग येतील, त्यांतली ओळखीची प्रत्येक खूण बदललेली आहे.

कायद्याचा सांगाडा एकदा डोक्यात बसवून घ्या. पोक्सो कायदा 2012 चा, तो 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू झाला. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची खबर आली की पोलिसांनी 24 तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य. प्रत्येक जिल्ह्यात ती असते आणि महिन्याला निदान वीस दिवस बसणं तिच्यावर बंधनकारक आहे. ही समिती मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने सपोर्ट पर्सन नेमते. आज जे नियम चालतात ते 2020 चे. तपासापासून खटला संपेपर्यंत मुलासोबत राहायचं आणि दर महिन्याला समितीला अहवाल द्यायचा, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं, की सपोर्ट पर्सन नेमायचा की नाही हे पालकांच्या मर्जीवर सोडून मोकळं होता येणार नाही. तरीही पहिल्या दिवसापासून नेमणूक झालेल्या केस माझ्या वाट्याला कमीच आल्या. बरेचदा आमच्या हातात पत्र पडतं तेव्हा दोषारोपपत्र दाखल झालेलं असतं आणि मुलाचा जबाब दोन-तीनदा घेऊन झालेला असतो.

आता काम. प्रशिक्षणात सांगतात, की तुम्ही मुलाचा आधार आहात. ऐकायला बरं वाटतं, पण त्यातून करायचं काय ते कळत नाही. माझ्या अनुभवात काम एकच आहे: पुढे काय होणार ते मुलाला आधी आणि खरं सांगायचं. या सगळ्या प्रकरणात मुलाशी प्रत्येक मोठं माणूस थोडं थोडं खोटं बोलत असतं. आई म्हणते, ‘काही नाही, फक्त नाव विचारतील.’ हवालदार म्हणतो, ‘आजच्या दिवस ये, परत बोलावणार नाही.’ डॉक्टर म्हणतात, ‘अजिबात दुखणार नाही.’ कुणाच्या मनात वाईट नसतं. पण ज्या मुलाला एका मोठ्या माणसाने फसवलंय, ते ही सगळी खोटी वाक्यं मोजत बसतं.

मीही एकदा त्यात भर घातली. तिसरं की चौथं वर्ष असेल. चौथीतली मुलगी, साक्षीची तारीख, तालुक्याहून जिल्ह्याच्या कोर्टापर्यंत एसटीने अडीच तास. सकाळी तिचा चेहरा बघून माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आज झालं की संपलं बघ.’ अकरापासून आम्ही व्हरांड्यात बसलो. बोर्डावर आमचा नंबर सतरावा. जेवणाच्या सुट्टीनंतर बेंच क्लार्क बाहेर येऊन म्हणाले, साहेब दुपारून रजेवर आहेत, पुढची तारीख घ्या. परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. पुढच्या दोन भेटींत माझ्याशी ती अक्षरही बोलली नाही. तिसऱ्या भेटीत मी तिला म्हणाले, ‘मी चुकीचं बोलले होते. ते माझ्या हातात नव्हतं, तरी मी बोलले.’ तेव्हा तिने विचारलं, ‘मग तुझ्या हातात काय आहे?’

या प्रश्नाचं उत्तर मी आता प्रत्येक मुलाला पहिल्याच भेटीत देते. मी तुझ्या शेजारी बसणार. माझी पाण्याची बाटली असेल. तुला शू लागली तर मी साहेबांना सांगणार. तुझी तारीख मला कळली की त्याच दिवशी तुला सांगणार. तारीख पुढे गेली तर का गेली तेही सांगणार. त्याला शिक्षा होईल का, ते मला माहीत नाही. शेवटचं वाक्य पहिल्यांदा उच्चारताना जड जातं. मुलाला मात्र ते जड जात नाही, असा माझा अनुभव आहे.

साक्षीच्या आधी एकदा रिकाम्या कोर्टात मुलाला घेऊन जाणं, हे मला सगळ्यात उपयोगी वाटतं. त्यासाठी सरकारी वकील आणि बेंच क्लार्क दोघांशी बोलून ठेवावं लागतं. साडेदहाच्या आत गेलं तर दालन उघडं असतं आणि शिपाई पंखा लावून देतो. साहेब कुठे बसतात, टायपिंग करणाऱ्या बाई कुठे, काळा कोट घातलेले दोन वकील कुठे, तू कुठे, मी कुठे. मुलांचे प्रश्न आपल्याला सुचणारे नसतात. ‘साहेब मारतात का?’ ‘मी चुकून बोलले तर मला पकडणार का?’ एका पोराने विचारलं होतं, की पिंजरा बंद करतात का. त्याने सिनेमात पाहिलं होतं. त्याला पिंजऱ्यात उभं न करता साहेबांच्या टेबलाजवळ खुर्ची द्यावी, असं मी वकिलांमार्फत विचारलं आणि ते मान्य झालं. अशा बारीक गोष्टी कुणी विचारल्या तर मिळतात. विचारणारं कुणी नसतं, एवढंच.

सुरुवातीला न्यायाधीश मुलाशी चार गोष्टी बोलतात: नाव, शाळा, इयत्ता, खरं बोलावं की खोटं. साक्षीदाराला प्रश्न समजतात का, ते त्यांना पाहायचं असतं. बारा वर्षांखालच्या मुलाला खरं बोलायचं कळतं पण शपथेचा अर्थ कळत नाही असं वाटलं, तर शपथ न देताही साक्ष घेता येते. हे मुलाला आधी सांगून ठेवलं नाही, तर त्याला वाटतं की परीक्षा सुरू झाली आणि पहिल्याच प्रश्नाला जीभ टाळ्याला चिकटते.

आता ज्यात नवीन माणूस हमखास चुकतो ते. घटनेबद्दल मुलाशी बोलायचं नाही. कधीच नाही. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून तुम्हाला दोनदा सांगते, कारण शिक्षकाचा हात आपोआप उजळणी घेण्याकडे जातो. ‘काय झालं ते एकदा सांग बरं, म्हणजे उद्या विसरणार नाहीस’, हे वाक्य तुम्ही प्रेमाने म्हणाल आणि केस तिथेच खिळखिळी होईल. उलटतपासात बचावाच्या वकिलाचा ठरलेला प्रश्न असतो: ‘ही बाई तुझ्या घरी येते ना? तिने काय सांगायचं ते शिकवलं ना?’ मूल खरं बोलणारं असेल तर म्हणेल, हो येते. पुढे त्याला म्हणता आलं पाहिजे, की ती कोर्ट कसं असतं ते सांगते, बाकी काही विचारत नाही. ते खरं असलं तरच ते तसं म्हणेल. मी माझ्या वहीत प्रत्येक भेटीची तारीख, वेळ, घरात कोण होतं आणि काय बोलणं झालं ते लिहून ठेवते. ‘घटनेविषयी बोलणं नाही’ ही ओळ प्रत्येक पानावर आहे. जबाबाची प्रत वाचून मुलाला आठवण करून द्यायची असेल, तर ते सरकारी वकिलांचं काम.

आणि मूल आपणहून बोलायला लागलं तर? ऐकायचं. थांबवायचं नाही, खोदायचं नाही. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन तर चुकूनही द्यायचं नाही. गुन्ह्याची नवीन माहिती कळली, की ती कळवणं पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे तुमच्यावरही बंधनकारक आहे आणि न कळवल्यास शिक्षा आहे. मी म्हणते, ‘तू सांगतेस ते कुणाला कळायला हवं आणि कुणाला नको, ते आपण दोघी मिळून बघू. पण तुला कुणी त्रास देत असेल तर मला सांगावंच लागेल.’ काही मुलं हे ऐकून गप्प होतात. गप्प राहू द्यावं.

साक्षीच्या दिवशी दालन रिकामं करतात, म्हणजे सुनावणी ‘इन कॅमेरा’ चालते. पालक किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती आत थांबू शकते, ती वाट तुमची. कायदा म्हणतो की आरोपी मुलाला दिसता कामा नये, मुलाला मधेमधे सुट्टी द्यावी, आक्रमक प्रश्न विचारू नयेत आणि दोन्हीकडच्या वकिलांनी प्रश्न न्यायाधीशांकडे द्यावेत, मुलाला ते न्यायाधीशांनी विचारावेत. काही न्यायाधीश हे अक्षरशः पाळतात. अशा एकीच्या दालनात पेन्सिलचा बॉक्स आणि कोरे कागद असायचे, आणि मुलाने एक फूल काढून होईपर्यंत त्या सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांचे पहिले प्रश्न, सुरू करत नसत. काही ठिकाणी मात्र वकीलच थेट विचारत सुटतात. तुम्हाला तिथे हरकत घेता येत नाही. एवढंच म्हणता येतं, ‘साहेब, मुलीला पाणी हवंय.’ पाच मिनिटं मिळतात. बाटली मुद्दाम बाहेर बाकावर ठेवून आत जायचं, म्हणजे पाण्यासाठी उठावंच लागतं. ही युक्ती कुठल्या प्रशिक्षणात सांगत नाहीत.

पडद्याचंही सांगते. एका जुन्या इमारतीत दवाखान्यात असतो तसा कापडी पडदा लावला होता. आरोपी दिसत नव्हता. मुलगी नीट बोलत होती. मध्येच तो खोकला. तिने ओळखला. बोलणं थांबलं ते त्या दिवशी पुन्हा सुरू झालं नाही. त्यानंतर मी सरकारी वकिलांकडे आधीच आग्रह धरते, की जिथे व्हिडिओची सोय आहे तिथे मुलाला वेगळ्या खोलीतच बसवा. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाजूक परिस्थितीतल्या साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र केंद्र उभारायचे आदेश दिले. जिथे अशी केंद्रं उभी राहिली तिथे वेगळं दार, वेगळं स्वच्छतागृह, खेळणी असं सगळं असतं. पण खोली असणं वेगळं आणि तिची किल्ली वेळेवर सापडणं वेगळं. आदल्या दिवशी फोन करून किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. हसू नका, मी गंमत करत नाहीये.

बाहेरच्या व्हरांड्याबद्दल कायद्यात फारसं काही नाही आणि खरा त्रास तिथेच होतो. आरोपीचे नातेवाईक त्याच बाकावर येऊन बसतात. बऱ्याच केसमध्ये आरोपी घरातला, शेजारचा किंवा ओळखीतला असतो, त्यामुळे नातेवाईक दोघांचे एकच. एक आजी डब्यातून लाडू काढून नातीला देत होती. आरोपी तिचा धाकटा मुलगा. म्हणाली, ‘पोरी, काकाला घरी आणायचंय ना?’ मी मुलीला घेऊन पैरवीच्या, म्हणजे पोलिसांतर्फे कोर्टातलं काम बघणाऱ्या, हवालदारांच्या खोलीत जाऊन बसले. त्यांनी खुर्ची रिकामी करून दिली आणि नंतर सरकारी वकिलांनी तो प्रकार न्यायाधीशांच्या कानावर घातला. म्हणून पैरवीचा हवालदार, बेंच क्लार्क आणि शिपाई या तिघांशी नीट ओळख ठेवा. आमच्या संस्थेत येणारी तरुण मुलं वकिलांशी ओळख वाढवतात आणि या तिघांना ओलांडून जातात.

‘मिटवून टाका’ हे तुम्हाला फार ऐकावं लागेल. हा गुन्हा आपापसात मिटवता येत नाही, पण मूल किंवा आई फितूर झाली की केस आपोआप बसते, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. आईने जबाब फिरवला की आपल्याला राग येतो. मला आता येत नाही. कमावणारा आत गेलेला असतो, घरभाडं थकलेलं असतं, सासरचे दारात उभे असतात. तिला धीर देण्यापेक्षा महिन्याचा किराणा कुठून येईल ते बघितलेलं बरं. 2020 च्या नियमांत तातडीच्या मदतीची तरतूद आहे: जेवण, कपडे, प्रवास अशा गरजांसाठी समितीने शिफारस केली की एका आठवड्यात पैसे मिळायला हवेत. खटला चालू असतानाही विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं. राज्याची मनोधैर्य योजना 2013 पासून आहे, तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. एकट्या पालकाच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, महिन्याला 2,250 रुपये. यांतलं काहीही आपोआप चालत येत नाही. मुलाच्या नावाचं खातं, आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव यांत एका वेलांटीचा फरक निघाला की अर्ज परत. माझा निम्मा वेळ या वेलांट्यांत जातो, आणि साक्ष टिकण्याचा त्यांच्याशी संबंध वकिलांना वाटतो त्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

महिन्याच्या अहवालाचं एक उदाहरण देते, म्हणजे फरक कळेल. नवीन माणूस लिहितो: ‘मुलगी ठीक आहे, शाळेत जाते, घरचं वातावरण समाधानकारक.’ समितीला यातून काही करता येत नाही. एका सातवीतल्या मुलीबद्दल मी लिहिलं होतं: ‘या महिन्यात शाळेचे 22 दिवस, हजेरी 9. शाळेच्या रस्त्यावर आरोपीच्या मेहुण्याचं किराणा दुकान आहे. मुलगी तिथून जायला नको म्हणते, आईला कामामुळे सोडायला जाता येत नाही. पलीकडच्या वस्तीतल्या शाळेत सातवीचा वर्ग आहे, मुख्याध्यापक प्रवेश द्यायला तयार आहेत, दाखला अडला आहे.’ समितीने दाखल्याचं पत्र त्याच आठवड्यात काढलं. शिक्षण सुरू ठेवणं किंवा गरज पडल्यास शाळा बदलून देणं हे नियमातच आहे, फक्त कुणीतरी त्यांच्यापुढे रस्त्यासकट मांडावं लागतं. नवीन शाळेत काय सांगायचं, हाही प्रश्न येतो. काहीच सांगायचं नाही. मुलाची ओळख जाहीर करणं गुन्हा आहे, म्हणून स्टाफरूममध्ये चांगल्या मनानेही नाव कुजबुजायचं नाही. तुम्हाला स्टाफरूम माहीत आहे, जास्त सांगत नाही.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलींच्या केस वेगळ्या, आणि मला त्या अजूनही जड जातात. ती स्वतःच्या मर्जीने मुलासोबत निघून गेलेली असते, तक्रार बापाची असते. कायद्याने वय अठराच्या आत म्हणजे संमती नाही. तिच्या लेखी आपण तिच्या माणसाला तुरुंगात ठेवणाऱ्या टोळीतलेच. अशा एकीने मला पहिल्याच भेटीत सांगितलं, ‘मला तुम्ही नको.’ सपोर्ट पर्सन नको असल्यास मुलाला कारणसुद्धा द्यावं लागत नाही, हे नियमात आहे. मी तिला तसं सांगितलं आणि समितीला पत्र कसं लिहायचं ते दाखवलं. पत्र लिहिलं तिने. दहा दिवसांनी वसतिगृहातून फोन आला, म्हणाली, कोर्टात जाताना कोणते कपडे घालायचे असतात? बाकी काही विचारलं नाही. मी सांगितलं, रोजचे घाल.

किती वेळ लागतो? कायदा म्हणतो, न्यायालयाने दखल घेतल्यापासून 30 दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात खटला पूर्ण. तुम्ही तीन वर्षं धरून चाला. तेवढं थांबायची तयारी नसेल तर केस घेऊ नका. मधेच सोडून जाणाऱ्या मोठ्या माणसांची यादी त्या मुलाकडे आधीच लांब असते. सुरुवातीला एकच केस घ्या. पैशाचं म्हणाल तर नियमाप्रमाणे सपोर्ट पर्सनला कुशल कामगाराच्या किमान वेतनाइतका तरी मोबदला मिळायला हवा. प्रत्यक्षात तो उशिरा येतो. त्यावर घर चालणार नाही, एसटीचं भाडं निघेल.

सुरुवात जिल्हा बाल संरक्षण कक्षापासून करा. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात तो असतो आणि सपोर्ट पर्सनची नोंदवही त्यांच्याकडेच असते. शिक्षण, मुलांसोबतचा अनुभव, पोलीस पडताळणी हे विचारतील. एकतीस वर्षं वर्गात काढलेल्या माणसाला अनुभवाची अडचण येऊ नये. एकटीने नाव देण्यापेक्षा मुलांच्या हक्कांवर काम करणाऱ्या जिल्ह्यातल्या एखाद्या संस्थेतर्फे द्या. रात्री अकराला एखाद्या आईचा फोन आला तर पुढे कुणाला फोन करायचा ते तुम्हाला माहीत असेल. मुलांची हेल्पलाइन 1098 पाठ असेलच. नाव नोंदवून होईपर्यंत समितीच्या कार्यालयात दोन-तीन दिवस नुसतं बाहेर बसून या. आत जाता येणार नाही, पण बाकावर कोण कोण येतं, किती वेळ थांबतं आणि मुलं त्या वेळात काय करतात ते दिसेल. डबा घेऊन जा, मुलांना पुरेल इतका. आणि चष्म्याच्या घरात दोन पेन्सिली टाका, टोक केलेल्या.